शेठचे केस का गेले

प्रिय भिंगरी,

आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे पुढचं सगळं तू धीराने वाचशील. तुझ्या शेठच्या पाठीवर पुन्हा लव आली आहे. पोट अजून उघडंच आहे आणि बघवत नाही, पण तो जगेल. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला सोयीचं तेवढं सांगून सुटायची सवय आहे. म्हणून पत्र.

मला ते जनावर पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, हे तुला ठाऊक आहे. बावीस वर्षं मी दवाखान्याच्या धुलाईघरात काढली. रक्ताच्या चादरी, ओकारीचे टॉवेल, पुवाने कडक झालेली कापडं या हातांनी उचलली आणि हात धुऊन लगेच डबा उघडून जेवले. तिथे कधी काही वाटलं नाही. पण घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, एक मूठभर हॅमस्टर गालात दाणे कोंबतो, मग ते लाळेने ओले झालेले दाणे बाहेर काढून कोपऱ्यात रचतो आणि त्याच्या शेजारच्याच कोपऱ्यात मुततो, हे बघून मला मळमळायचं. तू आणि आत्या मात्र हसायचात. साठा करतो म्हणून त्याचं नाव शेठ ठेवलंत. तो आंबूस वास माझ्या उशीपर्यंत यायचा आणि तुम्हा दोघींना तो येतच नसे.

तू शिकायला गेलीस त्याला दोन महिने झाले असतील, तेव्हा त्याचे केस गळायला लागले. आधी पोटाखाली, मग मांड्यांच्या आतून, शेवटी पाठीवरूनही. खालून जी कातडी निघाली ती गुलाबी, ओलसर, सुरकुतलेली. पाय लाललाल. खाजवायला लागला की कोंड्याचा भुगा उडायचा. आत्या त्याला ओंजळीत घेऊन कुरवाळायची, त्याची खपली तिच्या बोटांना चिकटायची, आणि मी ताटावरून उठून जायची.

आम्ही दोघी त्याला बुटांच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई फटकळ, पण हात हलका. त्यांनी पट्टी चिकटवून कातडीवरचा कोंडा काढला आणि भिंगाखाली पाहिला. बारीक किडे असतात, म्हणाल्या, डोळ्यांना न दिसणारे. ते नव्हते. मग निळा दिवा धरला, बुरशी आहे का बघायला. तीही दिसली नाही. खायला काय देता? नुसतं धान्य दिलं तरी केस जातात. आत्याने उकडलेल्या अंड्यापासून सगळं सांगितलं. पिंजऱ्याच्या गजांवर अंग घासतो का? नाही. भुसा कुठल्या लाकडाचा? उग्र वासाचा चालत नाही. आत्या तर कागदाचे तुकडे घालते. वय? दीड वर्ष. मग बाईंनी पिंजरा कशाने धुता, असं विचारलं. तो मी धुवायची. दर रविवारी, वासाला कंटाळून मीच ते काम मागून घेतलं होतं. मी म्हणाले, साध्या पाण्याने.

धुलाईघरातलं जंतुनाशक मी बाटलीत भरून घरी आणलं होतं, भिंगरी. बादलीभर पाण्यात दोन झाकणं टाकायचं ते. मी तसंच फडक्यावर ओतून पिंजऱ्याचा तळ पुसायची, आणि पाण्याने धुवायची नाही, कारण धुतलं की त्या औषधाचा वास जायचा आणि शेठचा वास परत यायचा. धुलाईघरात आम्ही हातमोजे घातल्याशिवाय त्या औषधाला हात लावत नाही. शेठ त्यावर उघड्या पोटाने झोपायचा.

बाई म्हणाल्या, मग आतल्या ग्रंथीत गाठ असेल, तसं असेल तर इलाज नाही, हाल होऊ लागले की सुई देऊन झोपवायचा. आत्या रस्ताभर खोकं छातीशी धरून चालली. आणि मी पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. थांबले असते तर स्वतःशी कबूल केल्यासारखं झालं असतं. लिहिताना माझीच मला किळस येते.

तरीही त्याचे केस परत येऊ लागले. मला उलगडा होईना. मग एका सोमवारी धुलाईघरातलं यंत्र बंद पडलं आणि मी दुपारीच घरी आले. आत्या न्हाणीघरात उकिडवी बसली होती. पिंजऱ्याचा तळ बादलीत बुडवायची, खळबळून काढायची, नाकाशी धरायची, पुन्हा बुडवायची. मला बघून दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "वहिनी, बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तेव्हाच कळलं मला. म्हणून तुमचं धुऊन झालं की मी परत धुते." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, "पोरीला तुमच्याबद्दल काय सांगू मी?"

आणि याच दिवसांत, शेठचे केस गेल्याचं कळल्यावर, तू तिला फोनवर तो निरोप पाठवला होतास. "तुझ्यावर विश्वास टाकून गेले होते, तुला एवढासा जीव सांभाळता आला नाही, इथून पुढे माझ्याशी बोलू नकोस." तिने तो चष्मा लावून दोनदा वाचला, मग फोन माझ्या हातात दिला. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, पोरगी आहे, रागात लिहिलंय.

आता खरं ते लिहिते. तो निरोप वाचून मला बरं वाटलं होतं. मी धुलाईघरात पाळीवर पाळी करत होते तेव्हा तुला भरवलं तिने, तुझी वेणी घातली तिने, आणि घर सोडताना पिंजराही तू तिच्याच हातात दिलास, मी शेजारी उभी असताना. त्या दिवशी पहिल्यांदा तू तिच्यावर रागावलीस आणि मी आतल्या आत सुखावले. शेठच्या उघड्या कातडीपेक्षा ही गोष्ट घाण आहे. ती मी लपवून ठेवली तर सडेल. आत्याने सामान बांधलंय. रविवारी ती मैत्रिणीकडे राहायला जाणार आहे, कायमची. मी तिचे पाय धरले, पण ती म्हणते, ज्या घरात पोर आपल्याशी बोलत नाही तिथे कशाला राहायचं? माझं बोलणं तिला पुरणार नाही. हे पत्र वाचून झालं की तिला फोन कर. मला नको. माझ्यावर चिडायला तुला आयुष्य पडलंय.

तुझीच,
आई