अकरा आणि एक

दि. ४ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या बसगाड्या वेळेवर सुटतायत ना? इकडे सगळं ठीक. मामीने दुकानात मोठा आरसा लावून घेतला. आता गिऱ्हाईक नवा चष्मा घालून आरशात बघतं आणि बिनचष्म्याचंच बरं होतं म्हणतं.

मुद्द्याचं लिहितो. कागदी लीगचं हे खूळ चार वर्षांपूर्वी तूच घरात आणलंस. आपण घरातले आठ जण खऱ्या फुटबॉलपटूंमधून आपापला संघ कागदावर निवडतो, एक खेळाडू एकाच्याच वाट्याला, आणि खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. सगळं छान, पण संघ फार आखूड. अकरा खेळणारे, पाच राखीव, एवढ्यात काय होतंय? यंदा बावीस जणांचा संघ कर, आणि त्यात प्रत्येकाने तीन गोलकीपर घ्यायचेच असा नियम घाल. गोलकीपरचा काय भरवसा? बोट मुरगळतं, सर्दी होते. तू संयोजक आहेस, शेवटचा शब्द तुझा. पण मामाचा मान ठेवशील अशी खात्री आहे.

माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.
तुझा मामा

दि. ९ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डेपोतल्या खुर्चीत एकटीच हसत बसले. साहेबांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं मामांना हिशेब शिकवतेय.

आठ जणांचे तीन-तीन म्हणजे चोवीस गोलकीपर. लीगमध्ये क्लब दहा, प्रत्येकाकडे दोन, म्हणजे वीस. वरचे चार काय दुकानाच्या काउंटरवर उभे करणार आहात? गेल्या वर्षी आपल्यापैकी कुणीही एकापेक्षा जास्त गोलकीपर घेतला नव्हता, आणि सर्दीने कुणाचं काही बिघडलं नाही.

मामा, मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. वीसच्या वीस संपवायचे, म्हणजे त्यात एक सहा फूट तीन इंची मुलगाही संपतो, ज्याचे हातमोजे तुमच्या दोरीवर वाळत असायचे. मग सरळ सांगा ना. आणि चार वर्षांत तुम्हीच त्याला का घेतलं नाही? अख्ख्या गावाचे डोळे तपासता, आणि दिव्याखाली अंधार!

राग मानू नये, मानलात तर मामीला सांगावा.
आपली चिमणी

दि. १५ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पकडलंस.

आपला बांबू चार वर्षं त्या क्लबात दुसरा गोलकीपर आहे. एक मिनिट खेळलेला नाही. तू दरवर्षी आठही संघांची यादी सगळ्यांना पाठवतेस, त्यालाही जाते. मी ती भिंग घेऊन वाचतो. त्याचं नाव कुठे नसतं. मला वाईट वाटतं गं.

मी घेतलं तर तुम्ही सगळे म्हणाल, बापाने पोराला घेतलं, त्यात काय मोठं. त्यालाही ती भीक वाटेल. दुसऱ्याने घेतलं तर त्याला किंमत. म्हणून म्हणतो संघ मोठे कर, कुणाला तरी घ्यावाच लागेल. यातलं त्याला काही कळू देऊ नकोस.

तुझा मामा

दि. १६ जून

प्रिय ताई,
सा. न.

मी मजेत. काल सरावात सलग तीन पेनल्टी अडवल्या. चौथी नाकावर अडवली, ती मोजत नाहीत. सामन्याच्या दिवशी बाकावर बसून बसून मला प्रेक्षकांतली माणसं पाठ झाली आहेत.

आईकडून कळलं की बाबा संघ मोठे करायच्या मागे लागलेत. कशासाठी ते न कळायला मी काही लहान नाही. ताई, हात जोडतो, करू नकोस. जागा भरायला बाविसावा म्हणून कुणी मला घेतलं तर त्यापेक्षा यादीत नसलेलं बरं.

तुला म्हणून सांगतो. दरवर्षी तुझी यादी आली की मी आधी एकच संघ वाचतो, बाबांचा. पहिल्या वर्षी वाटलं, विसरले असतील. आता काही वाटत नाही असं म्हणतो, पण आधी वाचतो तोच. हे त्यांना सांगू नकोस.

मुलांना पापा. तुझ्या मायेचा धनी,
बांबू

दि. २२ जून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

संयोजकाचा निर्णय कळवते. यंदा संघ बारा जणांचा. अकरा आणि एक राखीव. आरडाओरडा करू नका, आधी ऐका.

आमच्या डेपोत राखीव चालक सात होते, तेव्हा विश्रांतीच्या खोलीत कोण बसलंय ते मलाही आठवायचं नाही, नावं कागदावरून वाचायची. गेल्या वर्षी बाकीच्यांना मार्ग मिळाले, एकच राहिला. आता तो जेवला का, त्याच्या मुलीला दात आला का, हे अख्ख्या डेपोला ठाऊक असतं. मी आल्यावर सही करायच्या आधी त्याच्या खोलीत डोकावते.

बाविसावी जागा कुणालाही देता येते, मामा. एकुलती एक राखीव जागा माणूस विचार करूनच देतो. लोक काय म्हणतील याची काळजी नको. लोक म्हणजे आम्ही सात जण. आणि भीक वाटेल म्हणता, ते कधी त्याला विचारलंत का?

यादी महिनाअखेर पाकिटात घालून पाठवावी. उशीर झाल्यास नातं बघितलं जाणार नाही.
आपली चिमणी

दि. ८ जुलै

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

यादी सगळ्यांना पोचली, आणि माझं घर दणाणलं. बांबूचा फोन आला. म्हणाला, बाबा, एकच राखीव जागा होती, ती माझ्यावर वाया घालवलीत, तुम्ही हरणार. मी म्हटलं, हरलो तर हरलो. मग तो हसला आणि नाक शिंकरत राहिला. मीही चष्मा तीनदा पुसला. मामी म्हणाली, हे चार वर्षांपूर्वी केलं असतं तर.

सुखी राहा.
तुझा मामा

दि. १९ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तू पाठवलेला अखेरचा गुणतक्ता मिळाला. आठ जणांत मी आठवा. तो फ्रेम करून दुकानात आरशाशेजारी लावला आहे. गिऱ्हाइकाची नजर तपासताना आधी अक्षरांची पाटी, मग हा तक्ता, सगळ्यात खालची ओळ वाचायची.

शेवटच्या सामन्यात पहिल्या गोलकीपरचं बोट मुरगळलं, मी म्हटलंच होतं. बांबू बारा मिनिटांसाठी उतरला. मी आणि मामी उभे राहून ओरडत होतो. एक गोल खाल्ला, आणि तुझ्या नियमाप्रमाणे गोलाला एक गुण वजा. इतकी वर्षं त्याच्या नावापुढे काही नव्हतं, आता वजा एक आहे. येईल त्याला मी तो आकडा बोट ठेवून दाखवतो.

जीव लावत राहा, त्याला जागांची मर्यादा घालू नकोस.
तुझा आठवा,
मामा