सगळ्या आत

शनि., २४ जाने.

बदली गृहमाता म्हणून तिसरा आठवडा. महाविद्यालयाने या सत्रात तासिका दिल्या नाहीत, कारण, "मुलंच नाहीत, मॅडम." लोकप्रशासनात डॉक्टरेट केलेल्या बाईने तुरुंगातून सुटलेल्या बायकांच्या वसतिगृहात मानधनावर राहावे यात मला हास्यास्पद काही वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी कळवण्याची तसदी घेऊ नये.

कायम गृहमाता बाळंतपणाच्या रजेवर. तिची व्यवस्था म्हणजे: फाटकाची किल्ली उघड्यावर खिळ्याला, साबण सामाईक, भाजीची पाटी चुलीशेजारी जमिनीवर. आता किल्ली माझ्या कमरेला. साबण प्रत्येकीचा स्वतंत्र, डबीवर नाव. कुरकुर झाली. होऊ दे.

पाच बायका. सगळ्याजणी शिक्षेत सूट मिळून, अटींवर सुटलेल्या. मुख्य अट एकच: संध्याकाळी सहाला फाटकाच्या आत. नसली तर अट मोडली. अट मोडली की परत कारागृह. सहाला अधीक्षिकाबाईंचा (पुढे अ.बा.) बीडहून फोन येतो.

"सगळ्या आत?"

"सगळ्या आत."

एवढेच. आधीची म्हणे हे उत्तर अंथरुणातून द्यायची. मी फोनपूर्वी सर्वांना ओसरीवर उभे करते आणि डोकी मोजते. शांताबाई (चकलांब्याची, सासूच्या खुनात शिक्षा; इतकी वर्षे आत काढूनही तोंडाला कुलूप म्हणून लागले नाही) म्हणाली, "मोजा बाई, मोजा. तिकडं बी मोजायचे. रोज मोजून आमी काय वाढतोय व्हय?"

सर्वजणी मला डाक्टरबाई म्हणतात आणि गुडघ्यावर गोळी मागतात. दोनदा समजावले. तिसऱ्यांदा समजावणार नाही.

रवि., १ फेब्रु.

भेटीचा वार. शांताबाईचा भाऊ पेढे घेऊन आला; ती त्याला तासभर शिव्या देत होती आणि पेढे खात होती. बाकी तिघींकडेही कोणी ना कोणी.

सोजरकडे कोणी नाही. आजवर कधीच नाही.

सोजर मेंढपाळाच्या घरची. बोलते थोडे, काम नेटके. पाचांत तीच एक, जिचे अंथरूण मला पुन्हा घडी करावे लागत नाही. चराईवरून मारामारी झाली, शेताचा राखणदार मेला, नवरा-बायको दोघे आत गेले. नवरा आतच वारला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती जावेजवळ वाढली.

शुक्रवारी समिती येणार आहे, सोजरच्या पुढच्या मुक्कामाचा निकाल करायला. घरचे कोणी "आम्ही हिला ठेवून घेतो" म्हणाले तर घरी. नाहीतर लांबच्या कायम निवारागृहात रवानगी. तिथून कोणी परत आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परिवीक्षा अधिकारी (पुढे साहेब) मागच्या खेपेला म्हणाले, घरचे सापडतच नाहीत, पत्ता नाही.

सोजरला हे सांगितले. ती म्हणाली, "सापडतील कशे? घर चालतंय की आमचं."

सोम., २ फेब्रु.

भिंतीपलीकडच्या शेतात सकाळी मेंढरे आली. शेतमालकाने खतासाठी बसवली आहेत. तीन रात्री बसणार, मग पुढचे शेत. वास, धूळ, आणि अखंड बेंबें. खिडक्या बंद केल्या तर उकाडा, उघडल्या तर माश्या. वाचन अशक्य.

दुपारी भाकरी करपल्या. पाळी सोजरची. जाब विचारायला गेले तर चुलीपाशी कोणी नाही. ही मागच्या भिंतीला पोट लावून उभी.

"सोजर, भाकरी करपल्या."

"बाई, त्यांच्या पाठी बगा."

"मी भाकरीबद्दल बोलते आहे."

"निळा ठिपका, आन् त्याच्या मागं गेरूचा. दिसला का? त्यो आमचा हाय. माज्या सासऱ्यानं घातलेला." तिने बोट केले, पण पूर्ण उचलले नाही. "ती काठी घिऊन हुबी हाय ना, हिरव्या लुगड्याची, ती धुरपदा. माजी जाऊ."

धुरपदा या बाजूला पाहत नव्हती. न पाहण्याचे काम ती फार काळजीपूर्वक करत होती.

करपलेल्या भाकरी मी खाल्ल्या.

मंगळ., ३ फेब्रु.

जे परिवीक्षा कार्यालयाला इतक्या दिवसांत साधले नाही ते भिंतीपलीकडे येऊन बसलेले असताना हात बांधून राहणे मला जमणारे नाही. इस्त्रीची साडी नेसून शेतात गेले. कुत्र्यांनी पदर धरला. त्याचा उल्लेख येथेच संपवते.

धुरपदाने मला पोत्यावर बसवले, तांब्याभर पाणी दिले, आणि माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. महाविद्यालयात हे कोणी करत नाही.

"शुक्रवारी एकदा यायचे," मी म्हणाले. "साहेबांसमोर सांगायचे की सोजरला आम्ही ठेवून घेतो. दहा मिनिटांचे काम."

"शुक्कीरवारी आमी इथं कुटं? बेस्तरवारी हलनार. आन् पोरीची सुपारी हाय शुक्कीरवारी, फुडल्या मुक्कामाला. दिंद्रुडकडनं पावनं येनार."

"मग सुपारीच्या आधी सकाळी—"

"बाई," ती म्हणाली, "पावन्यास्नी आमी सांगितलंय, पोरीची आई मेली."

मागे एक उंच मुलगी कोकरांना पाल्याची फांदी धरत होती. तिने मान वळवली नाही, पण फांदी हलायची थांबली. हीच सोजरची मुलगी, राही.

"कोणी सांगितले असे?"

"मी. खुनाच्या बाईची लेक कोन करंल? तुमी कराल का तुमच्या घरात?"

उत्तर तयार होते, मुद्देसूद होते, आणि मी ते दिले नाही. माझ्या घरात मी एकटी आहे.

परतल्यावर सोजरने फक्त विचारले, "पोरगी केवडी झाली?"

"तुमच्याहून उंच."

"बापावर गेली," म्हणून ती भांडी घासू लागली. घासलेलीच.

बुध., ४ फेब्रु.

अस्वस्थ. कशातच लक्ष नाही. वर्तमानपत्रातल्या चुका अधोरेखित करणेही सोडून दिले.

सोजरने सकाळी विचारले, "बाई, सहाच्या आत आलं तर चालतं का?"

"कुठून?"

"कुटनं बी."

मी नियम सांगितला. नियम असा: सहाला फाटकाच्या आत असणे बंधनकारक. दिवसा वैयक्तिक कामासाठी बाहेर जाता येते, गृहमातेला तोंडी सांगून. किती लांब, याबद्दल नियम मौन बाळगतो. हे सगळे मी तिला याच क्रमाने, याच शब्दांत सांगितले. नियमात नसलेले काही त्यात मिसळणे मला मान्य नाही. कुठे जाणार, हे विचारणे माझे काम नव्हते.

"मंग सांगितलं म्हना," ती म्हणाली.

शांताबाई तांदूळ निवडत ऐकत होती. "डाक्टरबाई, तुमी लई शिकल्या. पर मेंढराला घड्याळ कोन शिकवनार?"

तेव्हा ते मला बाष्कळ वाटले.

गुरु., ५ फेब्रु., दुपार

उजाडताच मेंढरे हलली. सोजर न्याहारीनंतर त्यांच्याच वाटेने गेली. डबी धुऊन, अंथरूण घडी करून. मी स्वतः फाटक उघडले. नियमाप्रमाणे.

आता ऊन उतरते आहे. रस्त्यावर धूळ दिसते ती ट्रॅक्टरची.

पुन्हा पाहून आले. उसाची ट्रॉली.

शांताबाई: "बसा की वो खाली. तुमी फिरल्यानं ती काय लवकर येनार हाय?"

बसले. उठले.

तीच तारीख, संध्याकाळ उलटून

जसे झाले तसे लिहिते.

सहाला ओसरीवर चौघी उभ्या. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. चार. फोन वाजला.

"सगळ्या आत?"

नियम मला पाठ होता. त्याचा परिणाम पाठ होता. नियम तिला समजावून सांगणारीही मीच होते. माझे एकही वाक्य चुकीचे नव्हते आणि त्या बिनचूक वाक्यांच्या भरवशावर ती आता शेतांमधल्या कुठल्या तरी पांदीत होती.

"सगळ्या आत," मी म्हणाले.

आवाज नेहमीइतकाच स्पष्ट आला. मला सर्वांत जास्त तेच खटकले. अ.बा. म्हणाल्या, "छान. उद्या मीही येतेय समितीबरोबर," आणि फोन ठेवला.

चौघीजणी माझ्याकडे पाहत होत्या. मग शांताबाई म्हणाली, "चला गं, चुली पेटवा. बाईनं मोजलंय ते बराबर हाय."

शांताबाईकडून प्रमाणपत्र मिळण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

सोजर आली तेव्हा दिवे लागले होते. बरोबर राही. सोजरच्या लुगड्यावर रक्त आणि चिकट काहीतरी. माझा चेहरा पाहून पोरगीच आधी बोलली.

"मारामारी न्हाई बाई, मेंढी व्याली. वाटंत. बाकीची फुडं गेली, आमी दोगी तिच्यापाशी ऱ्हायलो."

"कोकरू उचलून घेऊन यायचे होते."

"तसं न्हाई उचलत," राही म्हणाली. लहान मुलाला सांगावे तसे. "आईनं चाटंस्तवर हात लावायचा न्हाई. न्हाईतर मंग घेत न्हाई ती त्याला. हिनंच मला बसवून ठिवलं. मी उटले की हात धरायची. बस म्हनायची, घाई करू नगं."

सोजर फाटकाच्या आत येऊन फाटकालाच टेकली होती. राही फाटकाबाहेरच. उंबऱ्यावरून आत यायला सांगितले, आली नाही.

"रागवायचं तर मला रागवा. आईला नगं."

आई. सोजरने तेवढ्यापुरती मान वर केली.

मी विचारले, उद्या समितीसमोर येशील का.

"उद्या सुपारी हाय माजी. न्हाई यायला गावत. पर चुलतीला मी आज सांगितलंय, लगनात आई असंल, न्हाईतर लगीन न्हाई. लई बोलली. मंग म्हनली, बरं."

"आणि पाहुण्यांना? त्यांना तर आई मेली म्हणून सांगितले आहे."

राही म्हणाली, "जिती झाली म्हनून सांगू."

शांताबाई आतून इतक्या मोठ्याने हसली की माझेही ओठ हलले असावेत. पोरीने आईच्या डोक्यावरचा पदर नीट केला. फाटकाच्या गजांतून हात घालून. मग गेली. अंधारात एकटी कशी जाशील म्हटले, तर म्हणाली, "कुत्री हायत की."

फाटकाला कुलूप घातले.

शुक्र., ६ फेब्रु., सकाळ

समिती अकरापर्यंत. ओसरी धुऊन घेतली. खुर्च्या मांडल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या.

साहेब विचारणार, घरचे कोणी आले होते का? आले होते. मुलगी स्वतः आईला फाटकापर्यंत घेऊन आली, लग्नात आई हवी म्हणाली, तिच्यासाठी घरच्यांशी भांडली. सोजर घरी जावी यासाठी याहून मोठा पुरावा नाही, आणि तो पाहिलेली सांगण्याजोगी साक्षीदार मी एकटी. शांताबाईच्या शब्दाला समितीत किंमत नाही.

पण ती आली काल, दिवे लागल्यावर. भेटीचा वार रविवार. केव्हा आली, हे अ.बा. पहिल्याच श्वासात विचारतील. मी असते तर मीही विचारले असते. वेळ सांगितली की सोजरची अट मोडलेली. घरी जाणे दूरच, परत कारागृह. आणि मी फोनवर खोटे बोलले, ही बाब वेगळी. मानधनाचे काय होईल ते होईल. डॉक्टरेट काढून घेता येत नाही, एवढे मला माहीत आहे.

सांगितले नाही तर मुलगी आलीच नाही. सापडत नाहीत, पत्ता नाही, निवारागृह.

वेळ गाळून फक्त मुलगी आल्याचे सांगावे? अर्धे वाक्य मी आजवर कोणाचे खपवून घेतलेले नाही. आणि समोरच्याने माझेही खपवून घेऊ नये, अशीच अपेक्षा मी नेहमी ठेवत आले.

सोजर केव्हाची उठून, आंघोळ करून, गाठोडे बांधून पायरीवर बसली आहे. कुठल्या बाजूला जायचे हे ठरण्याआधीच गाठोडे. कालचे लुगडे धुऊन दोरीवर घातले आहे. डाग पुरता गेला नाही. मी ते उचलून मागच्या दोरीवर टाकले. तिने पाहिले.

"बाई, सायबाला काय सांगनार?"

"विचारतील तेवढेच."

"मंग सायेब लई हुशार पायजे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "न्हाईतर लई बावळट."

यावर मला हसू आले. तिलाही. असे दोघी एकत्र हसलो हे प्रथमच.

सुपारी आता फुटत असेल, नाही तर फुटायची असेल. आई जिती झाल्याचे पाहुण्यांना कोणी, कोणत्या शब्दांत सांगितले असेल, याचाच विचार सारखा येतो. धुरपदाने मध्येच बोलणे फिरवले तर? राही फिरवू देणार नाही. फिरवू देईल? एका संध्याकाळच्या ओळखीवर मी इतके कसे ठरवते आहे?

दोन उत्तरे तयार करून ठेवली आहेत. दोन्ही मनात म्हणून पाहिली. दोन्हींत बोट ठेवायला जागा नाही, आणि दोन्हींपैकी कोणते तोंडातून निघेल ते

जीप आली. शांताबाई ओसरीवरून ओरडते आहे, "डाक्टरबाई, फाटक उघडा! किल्ली तुमच्यापाशी हाय!"