मुसळाला सुट्टी

बालाघाट, ४ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. उमाताईस,
प्रेमलताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, फक्त ह्यांचा नि माझा अबोला चालू आहे. ह्यांनी हट्टाने धान घरी कांडणं बंद करून गिरणीवर द्यायला सुरुवात केली. पैसे काहून फेकून राह्यला रे, सुनेले हात नाहीत का, म्हणत सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी रिकामी दिसू नये म्हणून त्या वेळात गोधडी शिवायला काढली, पापडांचा घाट घातला. हे कचेरीतून येऊन वैनगंगेवर फिरायला चल म्हणत, आणि मी पिठाचे हात दाखवी. शेवटी चिडून म्हणाले, मग मुसळच बरं होतं. सासूबाई तर होळीनंतर गिरणी बंद, असं सांगत फिरताहेत. ताई, मला फार रडू येतं.

माया असू दे.
तुझी,
प्रेमलता

तिरोडी, १० फेब्रुवारी

चि. सौ. प्रेमलतास अनेक आशीर्वाद.

वेडी ती वेडीच राहिलीस! नीळकंठरावांनी पैसे मोजले ते तू घटकाभर जवळ असावीस म्हणून, आणि तू पापड लाटतेस! पाणी भरायला डोमाजी ठेवला तेव्हा मीही अशीच भांडी घासत बसले होते. तुझे भावोजी खाणीवरून आले, माझे राखेचे हात धुतले आणि मला पायरीवर बसवलं. तेव्हापासून संध्याकाळचा चहा आमचा दोघांचा. तू गोधडी पेटीत टाक. ते दारात दिसले की चपला घाल, बोलणी परतल्यावर खा.

कळव लवकर, जीव टांगणीला आहे.
उमाताई

बालाघाट, २ मार्च

ती. सौ. उमाताईस शि. सा. न.

ताई, जिंकले! मला चपला घातलेली पाहून हे दारातच थबकले. नदीवर बेसूर गायले, मी पोट धरून हसले. रोज परतल्यावर बोलणी खाल्ली, पण दोघांनी मिळून, त्यामुळे ती गोडच लागली.

परवा सासूबाईंनी हळूच विचारलं, नदीवर असते तरी काय वं एवढं? मी म्हटलं, बघूनच या. काल पाहते तर त्या नवं लुगडं नेसून अंगणात, आणि मामंजींना हाका मारताहेत, चाला न जी, अंधार होऊन राह्यला! जाता जाता मला बजावलं, उरलेलं धानही गिरणीवर टाकून दे.

घर राखायला कोणी तरी हवं, म्हणून काल आमचं फिरणं बुडालं. आम्ही दोघं उखळापाशी बसून त्यांची वाट पाहत होतो. दिवे लागले तरी ते आले नव्हते.

आहे तशीच माया ठेव.
तुझी,
प्रेमलता