डाव्या पंखाची पिसं

त्सुकुबा, जपान
१८ नोव्हेंबर २०१२

चिरंजीव मोहन यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

मी बोलते आहे, नात अपूर्वा लिहिते आहे. मध्येच जपानी अक्षर उमटलं तर तिला धर. माझा विजयकुमार, सूनबाई खुशाल. भूकंपाला दीड वर्ष उलटलं तरी इथली जमीन अधूनमधून हलते. मी हलत नाही.

तुझ्या सुनेनं, गीतानं, फोनवर सांगितलं. शाळेतले शिरीष गुरुजी तुला म्हणाले, मुलींना बाण करायला शिकवा, तर तू म्हणालास, "माझा हात अपशकुनी आहे." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

परवा अपूर्वानं मला विद्यापीठातली तिरंदाजी दाखवायला नेलं. तिथले म्हातारे सेन्सेई, म्हणजे त्यांचे गुरुजी, बाण नखावर फिरवून सरळ आहे का बघत होते. अगदी आपला बा बघायचा तसं. आठवतं? थंडीत बरू तोडायचा, चुलीवर महिनाभर धुरात टांगायचा, मग निखाऱ्यावर शेकून, एक डोळा मिटून सरळ करायचा. शंभर काड्यांतल्या दहा ठेवायचा, बाकीच्या चुलीत. माझ्यासाठी नवरा बघताना एवढी निवड केली नाही त्यानं.

मी अपूर्वाला पिसांचं विचारायला लावलं. सेन्सेई म्हणाले, एका बाणाला सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची. डावं-उजवं मिसळलं की बाण भरकटतो.

अपूर्वा विचारते आहे, "आजी, पुढे काय लिहू?"

लिही, बाई.

मोहन, त्या साली पिसं लावायचं काम माझं होतं. मला जत्रेला जायची घाई. डाव्या पंखाची पिसं पुरली नाहीत, म्हणून एका बाणाला मी उजव्याचं एक लावलं आणि बाला दिसू नये म्हणून वर डिंक फासला. नेमका तोच तुझ्या हाती आला. रानडुक्कर तीस पावलांवर. तेवढ्यावर तू कधी चुकला नव्हतास. बाण फिरला, डुक्कर बाच्या अंगावर गेलं, त्याचा पाय जन्मभराचा अधू झाला. सगळे म्हणाले, मोहनचा हात थरथरला. तू धनुष्य खाली ठेवलंस ते आजतागायत. मी भाकरी थापत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी रानात जाऊन तो बाण शोधला, पीस ओळखलं आणि चुलीत घातला.

हे पत्र गीताला अंगणात मोठ्यानं वाचायला सांग. तेव्हाची जी माणसं उरली आहेत त्यांना बोलावून. माझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही, ते तू ठरव.

सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा गप्प राहिलेली,
तुझी बहीण