ब बदकाचा

३ मार्च
आजही तेच. चित्र दाखवलं की लगेच ओळखते, नुसतं अक्षर लिहिलं की तोंडाला कुलूप. ब चं पोट म्हणजे बदकाचं पोट, आतली तिरकी रेघ म्हणजे पंख. "ब बदकाचा." चोच आणि डोळा खोडून टाकला — गप्प!
छापखान्यात मी दिवसभर औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं आखते. ती सगळ्यांना वाचता येतात. घरातल्या एका पोरीला तेवढी येत नाहीत.

५ मार्च
बाईंनी शाळेत बोलावलं. म्हणाल्या, "दुसरी संपत आली, अजून अक्षरओळख नाही. ती चित्रं पाठ करतेय. बंद करा ती." मी मान डोलावली.
घरी ह्यांना सांगितलं. "तिची आई होती तेव्हा किती बडबडायची," असं बोलून गेले. मग म्हणाले, "तुला लागावं म्हणून नाही म्हटलं."
लागलं.

८ मार्च
तीन दिवस चित्रं बंद. मी स्वयंपाकघरात, ती खिडकीत. घर खायला उठतं.

९ मार्च
पेन्सिलींचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "मावशी, ह काढ ना." या घरात येऊन मला दोन वर्षं झाली. तिनं आपणहून काही मागितलं ते आज पहिल्यांदा. बाईंचं ऐकू की हिचं?
काढला. ह च्या शेपटीची सोंड केली. ती इतकी खेटून बसली की माझं कोपर हलेना. "त्याला आंघोळ घाल." नळ काढला, बादली काढली. हसली.
मग कोऱ्या कागदावर साधा ह लिहिला. "माहीत नाही."
हिला येत नाही की मला शिकवता येत नाही?

१२ मार्च
ळ वर गाडी अडली. ळ नं सुरू होणारा शब्दच नाही. म्हटलं, जाऊ दे, सोडून देऊ. तर म्हणते, "तो मधे येतो. काळजीत."
"तुला कसं कळलं?"
खांदे उडवून पळाली. कानानं टिपलं असेल. असेल ना?

१४ मार्च
शाळेची चिठ्ठी. पुन्हा दुसरीतच बसवणार, वीस तारखेला सही करायला या. हे लगेच तयार झाले. मी म्हटलं, थांबा. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

१६ मार्च
शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. "तुमची लेक गुणाची हो. माझा चष्मा फुटलाय, तर शाळेतून आली की रोज मला पेपर वाचून दाखवते. घडाघडा."
मी म्हटलं, "दुसरं कुणी असेल."
"अहो, डोळे अधू झालेत माझे, पण एवढी काही आंधळी नाही मी."
घरी येऊन तिला विचारलं. तिनं ताटातून मान वर केली नाही. रागावू की आनंदानं नाचू? हे मला फसवणं आहे की काय आहे? बाईंना काय सांगू?

१७ मार्च
सकाळी वेणी घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मला वाचता आलं की तू उठून जाशील."
वीस तारखेला शाळेत दोघी जातोय. ती वाचणार, मी शेजारी बसणार. तसं ठरलंय.