राज्यपालांचे ताम्हण

पार्सिपनी, न्यू जर्सी
१५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. इलास,

जगन्नाथदादाचे मनापासून आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे कळले. जिना चढताना आधी बरा पाय टाकावा आणि उतरताना दुखरा, हे डॉक्टरांनी सांगितले नसल्यास मी सांगतो. ‘आमचे येथे क्षेम आहे’ असे लिहिण्याची रीत आहे; परंतु असत्य विधान मी आजवर कागदावर उतरविलेले नाही, म्हणून ते वाक्य यंदा गाळतो. (या पत्राचे छायाचित्र नात स्वानंदी तुला व्हॉट्सॲपवर पाठवील. टपालाला तीन आठवडे लागतात आणि माझ्या हाती बाराच दिवस आहेत.)

गेल्या रविवारी आमच्या मंडळात माझे व्याख्यान झाले. विषय, ‘इटलीचे पूर्व आफ्रिकेतील राज्य आणि त्याचे प्रांतिक राज्यपाल’. सहा प्रांत, सहा राज्यपाल, त्यांच्यावर एक व्हाइसरॉय आणि हा सगळा डोलारा पाच वर्षांत कोसळलेला. इतका आटोपशीर विषय मंडळाला पुन्हा मिळायचा नाही. तरीही अध्यक्ष मंजुषा हिने (मुलगी कर्तबगार आहे, तिच्या पत्रकातील सात चुका मी लाल शाईने दाखवून दिल्यापासून जरा जपून बोलते) ‘काका, ट्वेंटी मिनिट्स मॅक्स हं, नंतर बटाटेवडे आहेत,’ असे बजावले होते. परिणामी अम्हाराचे राज्यपाल घाईत उरकावे लागले, हरारच्या राज्यपालांच्या वेळी तळणाचा वास सभागृहात शिरला आणि सोमालियाचे राज्यपाल बोटीतून उतरण्यापूर्वीच संपले. एरिट्रियाचे मात्र मी शेवटी राखून ठेवले होते. १९४१ साली तेथील अस्मारा शहर इंग्रजांच्या हाती पडले तेव्हा आपले बाबा लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून म्हणून तेथे होते, आणि त्या राज्यपालांच्या बंगल्यातील पितळी ताम्हण आज माझ्या देवघरात आहे.

ते मी टेबलावर मांडले. बाबा एवढेच म्हणत, ‘लाटसाहेबाच्या बंगल्यातलं आहे.’ कोणत्या खोलीतले, हे मी कधी विचारले नाही. सभेत मी म्हणालो, की ते राज्यपालांच्या खाजगी प्रार्थनागृहातील असावे. पुढच्या वाक्यात ते तेथलेच आहे असे झाले, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात राज्यपालांनी शरणागतीच्या दिवशी ते स्वहस्ते बाबांकडे सोपविले. टाळ्या झाल्या. इला, टाळ्या फार वाईट.

पहिल्या रांगेत आमचे शेजारी व्हिन्सेंट बसले होते. (वय अठ्ठ्याऐंशी, वंशाने इटालियन, म्हणून मीच आग्रहाने बोलाविलेले, स्वानंदी त्यांच्या कानाशी भाषांतर करीत होती.) वडा खाऊन, हात पुसून ते टेबलाशी आले. ताम्हण उचलून त्यांनी काठावरच्या अर्धचंद्राकृती खाचेवरून अंगठा फिरविला आणि हळूच म्हणाले, ‘जॅक, हे दाढीचं भांडं आहे. ही खाच गळ्याला लावायची, म्हणजे साबणाचं पाणी अंगावर सांडत नाही.’ (‘जगन्नाथ’ त्यांना तीस वर्षांत जमलेले नाही.) व्हिन्सेंट यांचे केशकर्तनालय चाळीस वर्षे चालले होते, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

स्वानंदी ‘ओह नो, आजोबा’ म्हणते न म्हणते तोच मंजुषा आली. ‘काका, अमेझिंग! ह्या वर्षी मंडळाच्या गणपतीचा अभिषेक ह्यातच करू या. आणि व्हिन्सेंट अंकल चीफ गेस्ट!’ मी तोंड उघडले. तोंडात वडा होता. संध्याकाळपर्यंत पत्रक तीनशे घरी पोहोचले. चतुर्थीला मंजुषा व्हिन्सेंटना व्यासपीठावर प्रश्न विचारणार आहे; पहिलाच प्रश्न या पवित्र पात्राविषयी. व्हिन्सेंट म्हणतात, आपण होऊन बोलणार नाही, पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तेव्हापासून फोन वाजला, की तो मंजुषाचा नाही ना, हे मी आधी पाहतो.

माझे मत असे, की व्हिन्सेंट चुकत आहेत. ते भांडे आईने बाबांच्या ट्रंकेतून काढून देवघरात ठेवले. तिची पारख खोटी कशी ठरेल? पूजा चालू असता बाबा हनुवटीवरून हात फिरवीत गालातल्या गालात हसत. ते मी भक्तिभावाचे लक्षण मानत आलो. १९८७ साली वाटण्या झाल्या तेव्हा वडीलकीच्या नात्याने ते मी घेतले. तू म्हणालीस, ‘दादा, त्याला खाच आहे, सगळं पाणी सांडतं.’ मी म्हणालो, खाच तीर्थाच्या धारेसाठी असते, आणि तुला मत्सर वाटतो. हे चार पाहुण्यांसमोर म्हणालो. तू आईचे साधे तांब्याचे ताम्हण पिशवीत घालून गेलीस. तेव्हापासून तुझी वहिनी पूजेच्या वेळी खाली पंचा अंथरते, आणि पाणी सांडले, की तिचा हात थरथरतो असे मी तिलाच ऐकवितो.

तर बाबा तुझ्याजवळ त्या भांड्याविषयी कधी काही बोलले होते काय, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र. केवळ इतिहासाच्या शुद्धतेसाठी. दुसरा कोणताही हेतू नाही.

तुझा,
जगन्नाथदादा

ता. क. तुझी नात सावनी तेवीस तारखेला इकडे शिकायला येत आहे. तिच्या बॅगेत आईचे ताम्हण घालशील काय? वजन जास्त होत असेल तर कुकर काढून ठेव. कुकर इकडे जवळच्या एडिसन गावी मिळतो.

आणखी ता. क. मंजुषाला काय कळवावे, याचे मी चार मसुदे केले. चारही व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि चारही खोटे आहेत. पाचवा दोन ओळींचा आहे. तो अद्याप धाडलेला नाही.

शेवटचा ता. क. (१६ ऑगस्ट) आज सकाळी तुझी वहिनी नीला देवळात गेली असता मी न्हाणीघराचे दार लावून, त्या भांड्यात कोमट पाणी घेऊन खाच गळ्याला लावली आणि संपूर्ण दाढी केली. इला, एक थेंब सांडला नाही. पाचवा मसुदा धाडला आहे. हे पत्र तू चार पाहुण्यांना बोलावून मोठ्याने वाचलेस, तरी माझी हरकत नाही.