टेकडीवरची दगडी टोकं

सोमवार, ३ मार्च
सुरुंगशेठने (ठेकेदाराला मी ठेवलेलं नाव) आज टेकडीवर चाचणीचा बार उडवला. पायथ्याशीच ताईचं घर. स्वयंपाकघराच्या भिंतीला आडवी भेग. ताई म्हणाली, अरे, फळीवरची ताटं आपणहून खाली उतरली. रक्त उसळलं! पण घाबरायचं कारण नाही. त्या टेकडीवर वेचलेली, भाल्या-बाणांची दगडी टोकं माझ्या कपाटात आहेत. प्राचीन शिकाऱ्यांची वस्ती! ती सिद्ध झाली की सुरुंग बंद. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञ बाई शुक्रवारी पाहणीला येणार. शनिवारी शेठचं काम सुरू. म्हणजे शुक्रवार आपला.

मंगळवार, ४ मार्च
टोकांचं वर्गीकरण पूर्ण. पद्धत माझी. पानाच्या आकाराचं ते सर्वांत जुनं. बुडाला देठ असेल तर मधलं. बुडाशी दोन खाचा, म्हणजे दोरीने काठीला बांधायची सोय, ते अलीकडचं. सगळी टूथब्रशने घासली, तेलाचा हात दिला. काय चमकतात! ही म्हणाली, अहो, तो माझा ब्रश होता. इतिहासापुढे ब्रशाची काय कथा! (नवा आणणे.)

बुधवार
ताईच्या अंगणात सभा. आज थोडक्यात बोलायचं ठरवलं होतं. पाऊण तास झाला. या टोकांनी रानरेडे लोळवले, एक ठेकेदार काय चीज आहे! टाळ्या. मागून शेठ म्हणाला, काका, जरा हळू, भिंत आधीच तडकलीय. लोक हसले. ताईसुद्धा. जनता अजून तयार नाही.

गुरुवार, सकाळी
बाईंचा फोन. आवाज कोवळा, अनुभव बेताचा असावा. म्हणाल्या, टोकं सापडली तिथेच आहेत ना? मातीतल्या टोकावरून वस्ती कळते, कपाटातलं टोक म्हणजे नुसतं टोक. उचलली असतील तर आताच सांगा, काही मार्ग काढता येईल. मी ठणकावून सांगितलं, जागेवरच आहेत. यात खोटं काही नाही. संध्याकाळपर्यंत असतील.

गुरुवार, दुपारी
पुरली. एका रांगेत, जुनी ते नवी, बाईंना सोपं जावं म्हणून. कुठलं कुठे सापडलं होतं ते आठवत नाही, पण टेकडी तर तीच. सगळ्यांची टोकदार बाजू शेठच्या पत्र्याच्या शेडकडे रोखली. राहवलं नाही. ही म्हणाली, अहो, अजून वेळ गेली नाही, फोन करून खरं सांगा. हिला डावपेच कळत नाहीत.

शुक्रवार
बाई मातीवर पालथ्या झोपून ब्रशने माती सारत होत्या. मी, ताई, शेठ, तिघेही श्वास रोखून. पहिलं टोक निघालं. बाईंनी भिंग लावलं. म्हणाल्या, अस्सल आहे. ताईने माझा दंड घट्ट धरला. दुसरं, अस्सल. तिसरंही. नुसत्या आकारावरून वय ठरत नाही म्हणाल्या. जाड, जड असेल ते भाल्याचं, लहान, हलकं ते बाणाचं. मी मोठ्या मनाने ऐकून घेतलं. मग त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. वास घेतला. विचारलं, तेल? मी म्हणालो, इथली मातीच सकस आहे. त्यांनी रांग पाहिली. टोकांच्या दिशेने नजर सरकत शेडपर्यंत गेली. शेठ म्हणाला, अरे बापरे, शिकारी माझ्यावरच टपून बसले होते की! बाई हसल्या नाहीत. काल खरं सांगितलं असतंत तर उरलेली टेकडी तपासायला मुदत मागता आली असती, म्हणाल्या. आता तुमचा शब्दही पुरावा म्हणून चालत नाही. ताईने दंड सोडला.

एकंदरीत यश मोठं. सगळी टोकं अस्सल ठरली. वरिष्ठांकडे दाद मागायची, जोरदार मसुदा डोक्यात तयार आहे.

शनिवार
सकाळी बार झाला. ताईच्या स्वयंपाकघराचा कोपरा खाली आला. ती अंगणात होती म्हणून वाचली. दुपारी भांड्यांचं पोतं घेऊन आमच्याकडे राहायला आली. मसुदा वाचून दाखवायला बसलो. तिने मधेच विचारलं, ती टोकं खरंच अस्सल होती ना रे? म्हणालो, सगळी! म्हणाली, मग उचललीस कशाला?
उत्तर द्यायला उभा राहिलो. घसा खाकरला. पाणी प्यायलो. खाली बसलो.